अजगराच्या पोटातली सासुरवाडी

नाव जागेवर नव्हतं. आबेगुंदेबाबांनी ते जिथे ठेवलं होतं तिथे मनातल्या मनात हात घातला आणि हात रिकामाच बाहेर आला. खिशात किल्ली चाचपावी, तर खिसा आहे, खिशाचं अस्तर आहे, अस्तरातलं भोकसुद्धा ओळखीचं आहे, किल्ली मात्र नाही, तसं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. माणूस विसरतो. त्यांनी मोकोला चौकातल्या गर्दीकडे पाहिलं, बदामाच्या झाडाकडे पाहिलं, झाडाखाली स्टॉलवाल्या बिदेमीच्या आईने दगड ठेवून दाबलेल्या वर्तमानपत्रांकडे पाहिलं, आणि जणू सहज म्हणून पुन्हा एकदा हात घातला. खिसा होता. किल्ली नव्हती. शनिवारची सकाळ होती, इबादानच्या पत्र्यांवर ऊन नुकतं चढत होतं, आणि थोड्याच वेळात हजेरी होणार होती.

हजेरी हा शब्द त्यांनीच स्टॉलला दिलेला. शनिवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर 'अजगर' येतो. बाहेरच्या कोपऱ्यातून निघून वेटोळी घालत घालत मधोमध डोकं ठेवणारा चौकटींचा पट्टा. सामान्यज्ञानाचे प्रश्न, आणि एका उत्तराची शेवटची एक-दोन अक्षरं हीच पुढच्या उत्तराची पहिली. प्रत्येकाची शेपूट पुढच्याच्या तोंडात. पुरवणी विकत घेऊन घरी पेन्सिलीने सोडवणारे लोक असतात म्हणे. मोकोल्याच्या फुकट वाचक संघात तसला कुणी नव्हता. हे लोक वर्षानुवर्षं स्टॉलसमोर उभे राहून पेपर वाचत, सरकार पाडत, फुटबॉलचे संघ निवडत, आणि एक पेपर विकत न घेता घरी जात. बिदेमीची आई त्यांना रोज शिव्या घाली आणि शनिवारी ती पुरवणी उघडून चिमट्याने दोरीवर लटकवी, कारण गर्दी दिसली की गिऱ्हाईक थांबतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. अट एकच, पेन लावायचं नाही. पेन लागलं की पेपर तुमचा, पैसे टाका. त्यामुळे अजगर कागदावर कधी लिहिला जातच नसे. तो माणसांत लिहिला जाई. उत्तर सुटलं की बिदेमीची आई ते कुणाच्या तरी पदरात टाकी, हे तू सांभाळ, हे तुम्ही. ज्याने त्याने आपलं धरून बसायचं, दुसऱ्याच्या वाट्याकडे बघायचंही नाही. सगळे सुटले की ती बोट फिरवत हजेरी घेई, आणि एकामागून एक माणूस आपापलं नाव बोले, आणि अजगर डोक्यापर्यंत सरसर जाई. आज बाकी सगळा सुटला होता, फक्त डोकं राहिलं होतं. लासिसी शिंपी आणि उझोमा त्यावर हमरीतुमरीला आले होते. त्यांचं भांडण चाललेलं असताना बाबांनी आपला ऐवज तपासून पाहिला, आणि तो गेलेला होता.

"आबेगुंदेबाबा, तुम्ही तरी सांगा या बाईला," लासिसी म्हणाला. त्याच्या गळ्यात टेप होता, आणि मोठ्यांशी बोलताना जरासा वाकायची सवय भांडतानाही सुटत नव्हती. "मातीची मुंडकी जमिनीतून निघाली ते गाव. बेनिन नाही हो! बेनिन तर आधीच कुणाला तरी दिलंय."

"मी कुठे बेनिन म्हणाले?" उझोमा फणकारली. ती समोरच्या खोक्यात मोबाइलची कार्डं विकायची, आणि तिचं दुकान भांडणाच्या काळात उघडंच पडलेलं असायचं. "मी म्हटलं बेनिनची पितळेची असतात. तुझे कान टाक्याने शिवलेत का?"

"भांडा, भांडा," बाबा म्हणाले. आवाज बरा आला. "मी तोवर शेंगदाणे घेऊन येतो."

हे मात्र त्यांच्या तोंडून आपोआप गेलं. मोकोल्याहून पाय काढता घ्यायचा तर कारण हवं, आणि शेंगदाणे हे असं कारण आहे ज्याला कुणी नको म्हणत नाही. ते झाडाच्या सावलीतून उन्हात आले आणि चालू लागले, मास्तरांच्या चालीने, हात मागे बांधून, जणू वर्गात मुलं पेपर लिहीत आहेत. प्रश्न त्यांना आठवत होता, ही त्यातली कमाल. तराबा राज्याची राजधानी. एवढाच. शाळकरी पोराला विचारावा असा. उत्तर सुटायला वेळच लागला नव्हता, कुणीतरी बोललं, सगळे हो म्हणाले, आणि बिदेमीच्या आईने हसून ते त्यांच्या अंगावर टाकलं होतं, "हे बाबांचं. यांची सासुरवाडीच ती." आणि सगळे हसले होते, आणि तेही हसले होते, आणि त्या हसण्यातच ते कुठेतरी सांडलं असणार. राजधानी. योला. नाही, योला नाही. योला आपलं मध्येच येत होतं, बिनबोलावल्या पाहुण्यासारखं, दाराशी उभं राहून मीच, मीच म्हणत होतं. त्यांनी भूगोल शिकवायला घेतला तेव्हा तराबा नावाचं राज्यच नव्हतं. गोंगोला होतं, आणि गोंगोलाची राजधानी योला. अख्खा वर्ग तालावर म्हणायचा, मास्तर अर्धं म्हणणार, मुलं उरलेलं अर्धं फेकणार, गोंगोला, योला! पुढे सरकार दर काही वर्षांनी नवी राज्यं काढत गेलं, पाठ केलेली यादी फुकट जात गेली, आणि मास्तर नव्या यादीला नव्या वर्षाच्या कॅलेंडरसारखं भिंतीवर चिकटवत गेले. जुनी मात्र हाडात राहिली. तर योला नाही. योला बसूच शकत नाही, कारण लासिसीकडे जे आहे त्याच्या शेवटाने याची सुरुवात व्हायची आहे, आणि लासिसीकडे काय आहे? ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्याच्या वाट्याकडे बघायचं नाही. शिस्तीचा माणूस शिस्तीनेच मरतो.

भाजक्या केळ्यांचा वास आला. निखाऱ्यांवर जाळी, जाळीवर काळी पिवळी केळी, शेजारी बाटल्यांत भरलेले शेंगदाणे. एक बाई पंख्याने वारा घालत होती आणि धूर नेमका तिच्याच तोंडावर येत होता. बाबा तिच्यासमोर उभे राहिले आणि थोरल्या भावाची आठवण अंगावर आली. ती टाळायलाच ते एवढं चालून आले होते. दादा अबेओकुटाला वारला. शेवटच्या वर्षांत तो फार सभ्य झाला होता. जन्मभर घरात आरडाओरडा करणारा माणूस, रोज सकाळी स्वतःच्या बायकोला बघून उठून उभा राही, बसा म्हणे, पाणी घ्या म्हणे, कुठून येणं केलंत? आणि वहिनी रोज सांगे, जवळूनच. घरात सगळे हसायचे, वहिनीसुद्धा, कारण दुसरं काय करणार. पण सुरुवात कशी झाली ते बाबांना पक्कं आठवत होतं. सुरुवात एका नावाने झाली होती. दादा जेवताना म्हणाला, ते आपलं, ते हे, काय ते, आणि बोटं हवेत फिरवत राहिला. बाबांना एकदम जाणवलं की आपला उजवा हात पाठीमागे बोटं फिरवतो आहे. त्यांनी तो खिशात घातला.

लागोसला मुलगी होती, मोजिसोला. गोड पोरगी, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि गेलं वर्षभर तिचं एकच पालुपद, बाबा, एकटे राहू नका, इकडे या, बाराव्या मजल्यावर वारा मस्त आहे. बाबा दर वेळी हसण्यावारी नेत. पण आतल्या आत त्यांनी स्वतःशी एक सौदा केला होता, कुणाला न सांगता. ज्या दिवशी चारचौघांत आपण असं काही विसरू की लोकांना लपवून हसावं लागेल, त्या दिवशी आपण होऊन बॅग भरायची. इबादान सोडायचं. वहिनीसारखं कुणाला जवळूनच म्हणायला लावायचं नाही. सौदा करताना तो दिवस लांब वाटला होता. आता तो केळ्यांच्या धुरात समोर उभा होता, आणि गंमत म्हणजे धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं तर कुणी विचारणारही नव्हतं.

"शेंगदाणे देऊ का बाबा? का नुसता वास घेणार?" केळीवाली म्हणाली.

"दे. मोठी बाटली दे. आणि केळीही दे. सगळ्यांना पुरतील इतकी."

ती कागदात बांधेपर्यंत बाबा त्या गावाला गेले. नाव नव्हतं, पण रस्ता होता. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून, सरकारने दिलेला खाकी गणवेश अंगात, तोंडावर फडकं, आणि फडक्यातून दातांवर येणारी हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ. पदवी झाली की देशाच्या दुसऱ्या टोकाला वर्षभर शिकवायला पाठवायचे, आणि आईने घरात रडून असा गोंधळ घातला होता जणू पोरगा चंद्रावर चाललाय. पोहोचला तेव्हा तिथे डोंगर होते. लामुर्दे नदी वाळूतून जेमतेम चालत होती, बायका वाळूत खड्डा करून पाणी भरत होत्या, आणि संध्याकाळी डोंगरांचा रंग विझत्या कोळशासारखा होई. तो शाळेच्या पायरीवर बसून बघत राही. घरमालकाची मुलगी एकदा भोपळ्याच्या वाडग्यात बाजरीची आंबट पेज घेऊन आली आणि म्हणाली, मास्तर, रोज काय बघता? तुमच्याकडे डोंगर नाहीत? आहेत, तो म्हणाला, पण त्यांच्यावर घरं आहेत. ती इतकी हसली की वाडगा कलंडला आणि पेज त्याच्या गणवेशावर सांडली. लादी. वर्ष संपलं, सरकारने परत बोलावलं, आणि हा मुक्काम वाढवून वाढवून मागत राहिला. आईच्या गोंधळाचा दुसरा अंक झाला. मग लादी इबादानला आली आणि सगळ्या मोहल्ल्याला तिने पेज प्यायला लावली. तिला जाऊन काही वर्षं झाली. हे सगळं होतं. पेजेचा आंबटपणा होता, सासऱ्यांच्या घोड्याचं पांढरं कपाळ होतं, मागच्या अंगणातली लिंबाची सावली दुपारी कुठल्या भिंतीवर पडते तेही होतं. ज्या गावाचं हे सगळं, त्याचं नाव तेवढं सोडून. कुणीतरी घर तसंच ठेवून दारावरची पाटी काढून न्यावी, याला काय म्हणायचं?

फोन वाजला. बॅटरीवाला साधा फोन. त्यात बघून घ्यावं म्हटलं तर त्यात उजेडाशिवाय काही नाही. पण फोनवर मोजिसोला होती, आणि बाबांच्या मनात एक लबाडी आली. लबाडी करता येते म्हणजे डोकं शाबूत आहे, असंही त्यांना वाटून गेलं.

"बाबा, कुठे आहात? जेवलात का?"

"बाजारात. अगं, मी काय म्हणतो, तुझ्या आजोळी फोन केला होतास का?"

"परवाच केला. घरी सगळे मजेत. मामाने नवी मोटरसायकल घेतली."

"घरी म्हणजे कुठे?"

"म्हणजे घरी, बाबा! मामाच्या घरी."

"ते झालं. पण मामा राहतो कुठे सध्या?"

"घरीच. तो कुठे जाणार?" मग तिचा आवाज बदलला. "बाबा, तुम्ही असं का विचारताय?"

"ऊन आहे. आवाज तुटतोय. मग करतो," बाबा म्हणाले आणि फोन बंद केला. हातातल्या पुडक्याचा चटका बसत होता. घरी! अगदी आईसारखी. लादीने जन्मात कधी त्या गावाचं नाव घेतलं नव्हतं. घरून पत्र आलंय. घरी पाऊस पडलाय. या सुट्टीत घरी जाऊ. इबादानला, जिथे तिची चूल, मुलगी, नवरा होता, त्याला ती इथे म्हणायची, आणि त्यालाही ते कधी खटकलं नाही, तोही तसंच म्हणू लागला, मुलगीही तसंच शिकली. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईसारखं त्या तिघांनी मिळून त्या गावाचं नाव घ्यायचंच सोडून दिलं होतं. न वापरलेला शब्द कोनाड्यात किती दिवस टिकणार? हा विचार बरा होता, दिलासा देणारा होता. पण तो नाव काही देत नव्हता. आणि दादालाही कुणीतरी काहीतरी बरं कारण सांगितलंच असणार.

घरी जाता आलं असतं. डावीकडे वळलं की गल्ली, गल्लीच्या टोकाला दार. पोट बिघडलं म्हणून निरोप धाडता आला असता. शनिवार निघून गेला असता, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हात मागे बांधून उभं राहता आलं असतं, पण मग प्रत्येक हजेरीला असंच पळावं लागलं असतं, आणि पळणाऱ्या मुलाला मास्तर काय करतात ते बाबांइतकं कुणाला ठाऊक होतं! ते वळले. गल्लीकडे नाही, चौकाकडे. पुडकं गरम होतं आणि ते निवायच्या आत पोहोचायला हवं होतं, एवढ्याच एका साध्या गोष्टीचा त्यांनी आधार घेतला.

झाडाखाली जल्लोष चालला होता. डोकं सुटलं होतं. नोक! मालाम दान्लामीला ते सुचलं होतं, आणि तो सुया, म्हणजे काडीवर भाजलेलं तिखट मांस, विकणारा शांत माणूस आता छाती काढून उभा होता, कारण मातीची मुंडकी निघालेलं गाव मला विचारायचं सोडून तुम्ही भांडत बसलात असं त्याचं म्हणणं होतं. "या बाबा, तुमच्यावाचून अडलंय," बिदेमीच्या आईने पुरवणीवर बोट ठेवलं. "हं, हजेरी. बाहेरून सुरू. जिथे दोन मोठ्या नद्या मिळतात?"

"लोकोजा!" लासिसी ओरडला.

बोट सरकलं आणि थांबलं. सगळ्यांच्या माना वळल्या. वळलेल्या मानांत कौतुक होतं, कारण सासुरवाडी होती. बाबांनी तोंड उघडलं. योला तिथेच होतं, उंबऱ्यावर. ते म्हणून टाकलं असतं तर लोक हसले असते, चेष्टा समजले असते. त्यांनी योलाला बाहेर काढलं आणि दार लावलं.

"विसरलो," ते म्हणाले.

कुठलीतरी बस हॉर्न देत गेली. बाबांना वाटलं, आता कुणीतरी उठून उभं राहील आणि म्हणेल, बसा, पाणी घ्या.

"विसरलात, मग गप्प काय उभे?" बिदेमीची आई म्हणाली. "शेजाऱ्याला विचारा की! अजगर कशाला आहे?"

"तेच तर," लासिसी पुढे झाला, वाकूनच. "माझी शेपूट ते तुमचं डोकं, बाबा. लोकोजा. तुमचं सुरू होतं जा ने. घ्या."

"आणि माझं गोम्बे," उझोमाने दोन्ही हात पुढे केले, जणू काही तरी झेलायचं होतं. "म्हणजे तुमचं संपतं गो ने. मधलं तेवढं तुमचं तुम्ही बघा, मास्तर. सगळं आम्हीच करायचं का?"

जा. गो. बाबांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. जा, गो, आणि मध्ये एक फट, आणि फटीतून मोटारतळावरची धूळ आली, ट्रकच्या फळीवर लोंबकळणाऱ्या पोऱ्याचा घसा बसलेला आवाज आला, एकाच शब्दाचा नुसता पट्टा, श्वास न घेता, आणि गठुडं डोक्यावर घेतलेली लादी, आधी चढा, मग रडा, म्हणत त्यांना पुढे ढकलणारी, आणि त्यांच्या तोंडून तो शब्द त्या पोऱ्याच्याच आवाजात बाहेर पडला, "जालिंगो-जालिंगो-जालिंगो! चला, एकच जागा, एकच जागा, जालिंगो!"

चौकातून जाणारे दोघे खरंच थांबले. लासिसीने टाळी दिली. उझोमा गोम्बे म्हणायची विसरून हसत सुटली, मग डोळे पुसत गोम्बे म्हणाली, मग बेनिन, मग न्सुक्का, मग मालाम दान्लामीकडे बोट आलं. तो डोकं खाजवू लागला.

"अहो मालाम, निळीच्या हौदांचं शहर!"

"होतं इथेच," मालाम छाती आत घेत म्हणाला. "नोकच्या नादात गेलं."

"गेल्या शनिवारी स्वतःच्या आजोबांचं गाव विसरला होता," बिदेमीची आई बाबांना म्हणाली, "आठवतं ना? तुम्हीच सगळ्यात जास्त हसला होतात."

बाबांना आठवलं. अगदी लख्ख आठवलं. मालामचा चेहरा, आपलं हसणं, दंडाचे शेंगदाणे, सगळं. विसरलेल्याने सगळ्यांना शेंगदाणे घालायचे हा नियम तर त्यांनीच केलेला. तेवढ्यात तिची नजर त्यांच्या हातातल्या पुडक्यावर गेली. "हे काय? दंड आधीच आणलात? म्हणजे विसरणार आहोत हे बरं लक्षात होतं!" आणि मग सगळं झाडच हसायला लागलं, आणि बाबा सगळ्यांत मोठ्याने. मालामला मात्र अजून सापडलं नव्हतं. बाबांनी केळ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "का. न्सुक्काचं शेवटचं. घ्या."

केळी संपली, अजगर डोक्यापाशी पोहोचला, माणसं पांगू लागली, आणि फोन पुन्हा वाजला. बाबांनी उचलला. धाकधूक अजून होती. ती काही एका शनिवारात जात नाही, हे त्यांना कळत होतं, आणि पुढे कधीतरी दोन्ही बाजूंनी अक्षरं देऊनही मधलं येणार नाही असा दिवस उगवेल हेही. पण उगवला तरी तो इथे उगवेल, या बोटाखाली.

"बाबा, खरं सांगा, काय झालंय?"

"मी तुझ्या आईचं गाव विसरलो होतो," बाबा म्हणाले. "जालिंगो."

पलीकडे श्वास ऐकू आला. बाराव्या मजल्याचा वाराही. "म्हणून विचारत होतात? बाबा, मी उद्याच गाडी पाठवते. तुम्ही एकटे..."

"एकटा कुठे? अर्धं लासिसीकडे होतं, अर्धं उझोमाकडे. मी तिकडे आलो, मोजी, तर माझ्या आधी कोण आणि माझ्या नंतर कोण? तू सकाळी जातेस ती अंधार पडल्यावर येतेस. मी लिफ्टला विचारू का?"

ती एकदम हसली, लादीसारखी, काहीतरी कलंडेल इतकी. "मी येते पुढच्या शनिवारी. मला घेतील का तुमच्यात?"

बाबांनी बिदेमीच्या आईकडे पाहिलं. ती चिमटा काढून पुरवणीची घडी घालत होती, कोरी, एकही अक्षर न लिहिलेली, विकायला ठेवण्यासाठी.

"घेतील," ते म्हणाले. "येताना शेंगदाणे घेऊन ये."